पहिल्या पुण्यतिथीला गाणं ठेवायचंय? तारखेपासून भैरवीपर्यंत

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की सहा-आठ महिन्यांनी कुणीतरी विषय काढतं, ‘नानांना गाण्याचं एवढं वेड होतं, वर्षश्राद्धाला गाणंच ठेवू या.’ सगळ्यांना पटतं. लगेच पुढचं वाक्य येतं, ‘मग बोलवायचं कुणाला?’ इथेच पहिली गडबड होते. एकदा गायक ठरला की तारीख त्याच्या सवडीची, हॉल त्याच्या नावाला शोभेलसा आणि खर्च हॉलच्या मागोमाग. शेवटी उरतो तो एक बरा कार्यक्रम. त्यात नानांचा फोटो असतो, नाना नसतात.

गाण्यानं स्मरण करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षापासून भीमसेन जोशींनी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं सुरू केलं. आज ज्याला नुसतं ‘सवाई’ म्हणतात तो महोत्सव म्हणजे मुळात एका शिष्यानं गुरूला वाहिलेली स्वरांजली. घरच्या कार्यक्रमाला एवढा पसारा नको, पण पाया तोच हवा. ज्याच्यासाठी गायचं, त्याचा कान आधी ओळखायचा.

आधी कानाची यादी

एका कागदावर तीन रकाने आखा. ते काय ऐकायचे, काय गुणगुणायचे, आणि काय लागलं की उठून बंद करायचे. तिसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात, पण सगळ्यात उपयोगाचा तोच. नानांना सिंथेसायझरचा आवाज सहन होत नसेल, तर कीबोर्डवाला बोलवायचा नाही, हे एका ओळीत ठरून जातं.

माहिती एकाकडून पुरी मिळत नाही. मुलांना रविवारचं ऐकणं ठाऊक असतं, बायकोला दाढी करतानाचं गुणगुणणं, ऑफिसातल्या मित्राला ते चोरून गेलेल्या मैफली. कॅसेटचा खोका काढा आणि कुठल्या कॅसेटची पट्टी जास्त झिजली आहे, कुठल्या कव्हरावर त्यांच्या हातची खूण आहे ते पाहा. फोनमध्ये यूट्यूबची हिस्टरी असते. दहा-बारा गोष्टी जमल्या की त्यातल्या पाच-सहा निवडा. बाकीच्या सोडून देताना जीवावर येतं, पण सगळं कोंबलं की मैफलीची ऑर्केस्ट्रा होते.

जी माणसं मैफलीला कधी गेलीच नाहीत, त्यांचं काय? आजी आयुष्यात हॉलमध्ये बसून गाणं ऐकायला गेली नसेल, पण जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, काकड्याचे अभंग तिला शेकड्यानं येत असतील. तिच्यासाठी ख्यालगायक बोलवणं म्हणजे तिला परक्याच्या घरी नेऊन बसवण्यासारखं आहे. तिच्या वयाच्या, तिच्याच गावच्या चार बायका बोलवा, मधे सतरंजी घाला, माइक ठेवू नका. पहिल्या दोन ओव्या लाजत होतील, तिसरीपासून त्यांना थांबवावं लागेल.

कुठल्या घाटाचा कार्यक्रम

साधारण चार घाट आहेत. घरातली बैठक, भजन किंवा कीर्तन, हॉलमधली ख्यालमैफल, आणि निवेदनासह भावगीत-नाट्यगीतांचा कार्यक्रम.

वर्षभराचं दुःख अजून ओलं असताना आमचं मत पहिल्या प्रकाराला. तीस-चाळीस माणसं, एक गायक, एक तबला, एक पेटी. ज्यांना यायलाच हवं तेवढेच येतात आणि रडू आलं तर कुणाला लपवावं लागत नाही.

भजन ठेवायचं असेल तर गावातलं किंवा पेठेतलं मंडळ बोलवा, पण आषाढीच्या आधीचा महिनाभर विसरा, मंडळी वारीत असतात. मंडळाबरोबर दहा ते वीस माणसं येतात. त्यांना बसायला समोरासमोर दोन रांगांची जागा लागते, स्टेज नको असतं. भजनाचा क्रम त्यांचा ठरलेला असतो : आधी नामाचा गजर, मग रूपाचे अभंग, पुढे गवळण, शेवटी भैरवी आणि आरती. त्यात मधेच ‘एक सिनेमातलं म्हणा ना’ अशी फर्माइश करू नये. तुमच्या माणसाच्या आवडीचे दोन-तीन अभंग बुवांना आठवडाभर आधी सांगितले की ते आपल्या क्रमात बरोबर बसवतात.

एक बारीकशी गोष्ट, जी यजमानांना कुणी सांगत नाही. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या पुडीला, वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावावी लागते. त्याशिवाय तो घुमत नाही. वादक आला की हमखास विचारतो, ‘माउली, जरा कणीक मिळेल का?’ आणि हॉल घेतलेला असला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. वाटीभर कोरडी कणीक, पाण्याचा तांब्या आणि हात पुसायला जुनं फडकं पिशवीत टाका. कणीक ताजीच मळायची असते, घरून गोळा करून नेऊ नका. वाळला तर चिकटत नाही.

कीर्तनाला दोन तास धरा. नारदीय की वारकरी हे आधी ठरवा, कारण नारदीय कीर्तनकाराला पेटी-तबला पुरतो, वारकरी कीर्तनाला पखवाज आणि मागे टाळकरी लागतात. दोन्हींत कीर्तनकार उभा असतो. घराचं छत किंवा पंखा खाली असेल तर हेही मोजून घ्या.

तारीख : तिथी, कॅलेंडर आणि माणसं

श्राद्ध तिथीला असतं आणि तिथी इंग्रजी तारखेच्या अकरा-एक दिवस आधी येते. मधे अधिक महिना येऊन गेला असेल तर उलट अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. त्यामुळे ‘१४ नोव्हेंबरला गेले म्हणजे १४ नोव्हेंबर’ असं धरून हॉल घेतला आणि श्राद्ध भलत्याच आठवड्यात निघालं, असं पुष्कळदा होतं. गुरुजींना विचारून दोन्ही दिवस कागदावर लिहा.

श्राद्ध आणि गाणं एकाच दिवशी ठेवू नका. सकाळी विधी, दुपारी पंगत आणि संध्याकाळी मैफल म्हणजे घरची माणसं मैफलीत पेंगतात किंवा स्वयंपाकघरातच अडकतात. श्राद्ध तिथीला घरच्या घरी, आणि गाणं त्याला लागून येणाऱ्या रविवारी, हे सगळ्यांना झेपतं. घरातल्या ज्येष्ठांना पितृपक्ष किंवा अधिक महिना चालतो का, हे आधीच विचारून घ्या. ऐन वेळी आत्याबाईंची नाराजी परवडत नाही.

गणपती, नवरात्र आणि डिसेंबर-जानेवारी हा कलाकारांचा हंगाम. या दिवसांसाठी चार महिने आधी बोला, एरवी दोन महिने पुरतात. जून-जुलैत हॉल सहज मिळतो, पण पावसाळी हवेत तबल्याची पुडी सैलावते, सूर उतरतो आणि वादकाची अर्धी शक्ती हातोडीत जाते.

मुलं-नातवंडं अमेरिकेत असतील तर सकाळची मैफल ठेवा. इथे रविवारी सकाळचे आठ म्हणजे न्यूयॉर्कला हिवाळ्यात शनिवारी रात्रीचे साडेनऊ, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे साडेसहा. इथल्या संध्याकाळी सहाला मात्र कॅलिफोर्नियातल्या लेकीला पहाटे साडेचारला उठावं लागेल. सकाळच्या मैफलीचा आणखी एक फायदा आहे. भैरव, अहिर भैरव, तोडी हे राग आपापल्या वेळेला मिळतात आणि भैरवीही तिच्या प्रहरात येते.

जागा

भारतीय बैठकीला माणशी साडेसहा-सात चौरस फूट धरा. हजार चौरस फुटांच्या हॉलमध्ये स्टेज आणि वाट सोडून सव्वाशेच्या आसपास माणसं मांडी घालून बसतात. पुण्यतिथीला येणारे निम्मे लोक गुडघेदुखीवाले असतात हे विसरू नका. खुर्च्या निम्म्या तरी हव्यात, आणि त्या मागे किंवा दोन्ही कडांना. पुढे खुर्च्या लावल्या की खाली बसणाऱ्यांना फक्त पाय दिसतात.

चार-पाच कलाकारांना बारा बाय आठ फुटांचं व्यासपीठ पुरतं, उंची फूट ते दीड फूट. त्यावर गादी नको, जाड सतरंजी आणि चादर. गादीवर तबल्याची चुंबळ डुगडुगते आणि तानपुरा धरणाऱ्याचा तोल जातो. टेबलं जोडून स्टेज करत असाल तर आधी स्वतः त्यावर मांडी घालून बसा आणि हला. करकरलं तर तो आवाज माइकमधून दुप्पट येणार.

हॉल बघायला जाल तेव्हा दिवे, पंखे, एसी सगळं बंद करून दोन मिनिटं उभे राहा आणि एक-एक सुरू करून ऐका. खरखरणारा पंखा गाण्यात विष कालवतो. आमने-सामने टाइल्स आणि काच असलेल्या हॉलमध्ये आवाज घुमून शब्द कळत नाहीत. तिथे जाड पडदे, खाली सतरंज्या आणि भरपूर माणसं हाच उपाय. सभागृहाशेजारी लग्नाचा हॉल असेल तर त्या तारखेला तिथे वरात आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारा.

बाहेर स्पीकर लागणार असेल, गच्ची किंवा सोसायटीचं पार्किंग असेल, तर सोसायटीचं पत्र आणि पोलिस ठाण्याची परवानगी दोन्ही लागतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीची शंभर मीटरची जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेली असू शकते.

कलाकाराशी बोलताना

पहिल्याच फोनवर ‘वर्षश्राद्धानिमित्त घरगुती कार्यक्रम आहे’ हे सांगा. कार्यक्रमाचा सूर त्यावरून ठरतो. त्याच फोनवर मानधनाचं बोला. ‘तुम्ही म्हणाल ते’ ही नम्रता दोघांनाही गोत्यात आणते. आकड्यात साथीदार धरलेत की वेगळे, प्रवास आणि मुक्काम कुणाकडे, तानपुरे ते आणणार की तुम्ही, रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपण चालेल का, हे सगळं नंतर एका मेसेजात लिहून पाठवा. प्रक्षेपणाचं आधी न विचारता नातवानं फेसबुकवर लाइव्ह सुरू करणं हे नाराजीचं हमखास कारण आहे. साथीदारांची पाकिटं वेगळी, नाव घालून, आणि कार्यक्रमाच्या आधीच एका माणसाच्या खिशात. शेवटच्या गर्दीत पाकीट शोधणं फार वाईट दिसतं.

फर्माइशी महिनाभर आधी द्या. सहा द्या आणि म्हणा, यातल्या तुम्हाला ज्या चार सोयीच्या त्या घ्या. प्रत्येकाच्या गळ्याला प्रत्येक चीज बसत नाही. ‘अगदी रेकॉर्डवर आहे तसंच गा’ असं सांगू नये. तसंच हवं असेल तर रेकॉर्ड लावावी.

पट्टी, म्हणजे पेटीवरचा कुठला स्वर ‘सा’ धरून गाणार ते, विचारून घ्या. पुरुष गायक साधारण काळी एकच्या आसपास, बायका काळी चार-पाचला गातात. प्रत्येक पट्टीचा तबला वेगळा असतो. काळी एकला टिपेचा, काळी पाचला मोठ्या तोंडाचा ढाल्या, म्हणजे खालच्या स्वराचा. गायिका आणि घरातले पुरुष अशा दोघांनाही गायचं असेल तर तबलजीला दोन तबले आणायला आधी सांगावं लागतं. तो एकच घेऊन आला तर अर्धा कार्यक्रम बेसूर ठेक्यावर जातो.

आवाज

चाळीस माणसांच्या दिवाणखान्यात माइकची गरज नसते. पंखे कमी करा आणि गायकाला भिंतीला पाठ देऊन बसवा. गाणं खोलीत मावेल एवढंच निघतं आणि ते फार गोड लागतं.

शंभराच्या पुढे गेलात की माइक लागतात : गायकाला एक, तबल्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्याला एक, निवेदनाला एक. म्हणजे सहा, आणि एक शिल्लक. गायकासमोर एक छोटा मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, हवाच, नाहीतर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो ओढून गातो. मोठे स्पीकर कलाकारांच्या रेषेच्या पुढे, श्रोत्यांच्या डोक्यावरून जातील इतके उंच. मागे ठेवले की शिट्टी मारतात.

साउंडवाला शोधताना ‘डीजे पण करतो’ असं सांगणारा टाळा. त्याला तबल्याच्या डग्ग्यातून छाती हलायला हवी असते. त्याला एकच वाक्य सांगा : ‘शेवटच्या रांगेत शब्द कळायला हवेत, एवढाच आवाज.’ विजेचा पॉइंट दिव्यांच्या डिमरवर नसावा, नाहीतर कार्यक्रमभर गुणगुण येते.

कलाकारांना सुरुवातीच्या आधी तास-सव्वा तास बोलवा. एसी लावायचा असेल तर त्याच्याही आधी लावा. गार हवेत तारा आणि पुड्या दोन्ही हलतात आणि वाद्यं त्या हवेत रुळायला वेळ लागतो. लावून झाल्यावर एसी वाढवला की सगळी मेहनत वाया. तानपुऱ्याची पहिली तार एरवी पंचमाला असते. मारवा किंवा पूरिया गाणार असतील तर ती निषादाला जाते, मालकंसाला मध्यमावर. म्हणून मधेच राग बदलायला लावणाऱ्या फर्माइशीनं पाच मिनिटं जातात, हे घरच्यांना माहीत असावं. मोबाइलवरचा तानपुरा वापरणार असाल तर तो फोन विमान मोडवर टाका. आलापात आलेला बँकेचा फोन कुणी विसरत नाही.

क्रम

दोन तासांच्या आत संपवा. एक नमुना देतो, हिवाळ्यातल्या संध्याकाळचा, जेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

५.०० दार उघडं, बाहेर चहा. आत फक्त मंद तानपुरा.
५.४५ कलाकार स्थानापन्न. घोषणा नाही, दोन मिनिटं नुसते तानपुरे.
५.४८ घरातली एकच व्यक्ती बोलते, चार मिनिटं.
५.५२ मारवा किंवा पूरिया धनाश्री, चाळीस मिनिटं.
६.३५ घरातल्यांची दोन गाणी, दहा मिनिटं.
६.४६ गेलेल्या माणसाचा आवाज, पन्नास सेकंद.
६.४८ आवडीची चार पदं, अर्धा तास.
७.२० भैरवी.
७.३० सगळ्यांनी मिळून पसायदान.

यातल्या तीन गोष्टींची कारणं सांगायला हवीत. सुरुवातीला ‘दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या’ म्हटलं की लोक चाळिसाव्या सेकंदाला चुळबुळतात, कुणी घसा खाकरतं, कुणी घड्याळ बघतं. त्याऐवजी दोन तानपुरे छेडले आणि कुणी काही बोललं नाही, की शांतता आपोआप पडते आणि तिला धरायला सूर असतो.

भाषण एकच. ‘दोन शब्द’ म्हणून माइक दिलेला माणूस वीस मिनिटं बोलतो हा सार्वत्रिक अनुभव आहे. चार मिनिटं म्हणजे साडेचारशे शब्द, लिहून आणावेत. संस्थेचे अध्यक्ष, नगरसेवक, जुने साहेब यांना बोलायचंच असेल तर त्यांच्याकडून आठवण लिहून घ्या आणि बाहेर फलकावर लावा. लोक चहा घेताना आवडीनं वाचतात.

आणि घरातल्यांचं गाणं त्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या आधीच. वडिलांचा आवाज ऐकून मुलगी गायला बसली की घसा दाटतो, षड्जही लागत नाही. तिनं आधी गाऊन घ्यावं, मग काय व्हायचं ते होऊ द्यावं. घरच्यांची पट्टी तालमीत ठरवा, तीही त्याच पेटीवर. लहान नातवंडांना एक कडवं पुरे, आणि ते चुकलं तर तबलजी सांभाळून घेतो, कुणी टोकायचं नाही.

उन्हाळ्यात सूर्यास्त सातच्या पुढे जातो, तेव्हा हे सगळं पाऊण तास पुढे सरकवा. मध्यंतर ठेवू नका. मध्यंतरानंतर निम्मे परत येतात आणि बटाटेवड्याचा वास गाण्यात येतो.

त्यांचा आवाज

बहुतेक घरांत कुठेतरी तो असतो. व्हॉट्सॲपवरचा ‘पोचलास का रे’ असा व्हॉइस मेसेज, मुंजीच्या व्हिडिओत मागे ऐकू येणारं मंगलाष्टक, १९८०-९०च्या कॅसेटवर टेपरेकॉर्डर नवीन असतानाची गंमत. व्हॉट्सॲपचा मेसेज आधी फोनबाहेर काढून ठेवा. फोन बदलताना पहिलं नाहीसं होतं ते हेच.

कॅसेट असेल तर घाईनं टेपमध्ये घालू नका. तिच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकचे चिमुकले कान असतात, ते मोडा. ते मोडले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वरचं पुसलं जात नाही. मग उजेडात धरून पट्टीवर पांढरी बुरशी दिसते का पाहा. दिसली तर घरी वाजवूच नका, डिजिटायझेशन करणाऱ्याकडे द्या. ठीक दिसली तर डेकचं हेड आणि रबराचा रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सुकू द्या. आधी एखादी नको असलेली कॅसेट दोन मिनिटं चालवून डेक पट्टी खात नाही ना याची खात्री करा. नंतर खरी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली पट्टी त्यानं मोकळी होते. नव्वद मिनिटांच्या पुढच्या कॅसेटची पट्टी पातळ असते, ती जास्त वेळा मागे-पुढे करू नका. पहिल्या वाजवण्यातच रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण दुसरी संधी मिळेलच असं नाही. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. एमपीथ्री नंतर हवी तेव्हा करता येते.

खरखर साफ करायला कुणाला दिलीत तर सांगा, थोडी राहू दे. जास्त पुसलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

कार्यक्रमात चाळीस ते साठ सेकंद ऐकवा, त्याहून जास्त नाही. गातानाचा नसला तरी चालेल, किंबहुना रोजचं बोलणंच बरं. ‘अगं, चहा टाकतेस ना?’ हे वाक्य कुठल्याही श्रद्धांजलीच्या वर जातं. मात्र जोडीदाराला, मुलांना ते आधी घरी एकदा ऐकवा आणि हॉलमध्ये लावू का असं विचारा. नको म्हणाले तर नको. नकळत लावून ‘सरप्राइज’ देणं हा क्रूरपणा आहे.

परगावची माणसं आणि रेकॉर्डिंग

झूमवर दाखवणार असाल तर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सेटिंग चालू करा. एरवी झूमला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि तो तिला पुसून टाकतो. पलीकडच्यांना गायक अधांतरी, तुटक ऐकू येतो आणि सगळे नेटला दोष देतात. आवाज लॅपटॉपच्या माइकनं न घेता साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायरनं घ्या. मोबाइलचं नेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं ठेवा. बाहेरच्यांना बोलायला देणार असाल तर एकालाच, आणि तेही सुरुवातीला.

यूट्यूब किंवा फेसबुकवर लाइव्ह करताना मधल्या वेळात मूळ ध्वनिमुद्रिका वाजवू नका, हक्काच्या दाव्यानं आवाज बंद होतो किंवा प्रक्षेपणच थांबतं. संतांचे अभंग सगळ्यांचे असले तरी त्यांना अलीकडे लावलेल्या चालींवर संगीतकारांचे हक्क असतात. काही सभागृहं यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना मागतात. बुकिंग करतानाच विचारून घ्या, आदल्या दिवशी नको.

फोटो, समई आणि असलं किडुकमिडुक

फोटो कलाकारांच्या मागे मधोमध लावला की गाणाऱ्याची पाठ फोटोला होते. काहींना ते रुचत नाही, आणि श्रोत्यांनाही दोन्हीकडे बघता येत नाही. स्टेजच्या एका कडेला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, कार्यक्रमाकडे तोंड करून ठेवा. जणू तेही ऐकताहेत. समई पंख्याच्या झोतात नको. उदबत्ती स्टेजवर अजिबात नको, धूर थेट गळ्यात जातो. निशिगंधाचे हार बंद एसी हॉलमध्ये तासाभरात डोकं दुखवतात, मोगरा किंवा साधा झेंडू बरा. कलाकारांना कोमट पाणी, थर्मासमध्ये. बर्फाचं सरबत प्रेमानं देतात, पण कुणी घेत नाही.

निमंत्रणात चार ओळी पुरतात : कोणाच्या स्मरणार्थ, काय, कुठे, ठीक किती वाजता. खाली ‘कृपया पुष्पगुच्छ वा पाकीट आणू नये, कार्यक्रम वेळेवर सुरू होईल’. आणि खरंच वेळेवर सुरू करा. दुसऱ्या ओळीत गायकाचं नाव घाला, पण फोटो एकच, गेलेल्या व्यक्तीचा.

फराळ कार्यक्रमानंतर, आणि हॉलच्या बाहेर. दिवस एकादशीचा असेल तर साबुदाण्याची खिचडी, एरवी उपमा आणि कॉफी. भैरवी चालू असताना स्टीलच्या ताटल्या मांडायला सुरुवात होते, तसं करायचं नाही हे केटररला बजावून ठेवा. एक माणूस फक्त त्या दारावर उभा करा.

टाळ्यांचा प्रश्न दरवेळी निघतो. वाजवाव्यात की नाही? कलाकाराला दाद द्यायचीच, फक्त आवाज ऐकवल्यावर आणि पसायदानानंतर नको. हे निवेदकानं सुरुवातीला एका वाक्यात सांगितलं की लोक पाळतात.

भैरवीनंतर काहीच गायचं नसतं, पसायदान सोडून. आभारही त्यानंतर नकोत. साउंडवाले, केटरर, हॉलचे व्यवस्थापक यांची नावं वाचायचीच असतील तर भैरवीच्या आधी. पसायदान संपलं की साउंडवाल्यानं मुख्य आवाज हळूहळू खाली आणायचा, तानपुरा मात्र आणखी मिनिटभर चालू ठेवायचा. लोक आपोआप उठतात, फोटोपाशी जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साउंडवाल्याकडून रेकॉर्डिंग घ्या, कारण आठवड्याभरात त्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलं जातं. तीन प्रती करा : एक घरातल्या हार्डडिस्कवर, एक परगावच्या नातेवाइकाकडे, एक क्लाउडवर. फाइलच्या नावातच तारीख, गायक आणि राग लिहा. ‘न्यू रेकॉर्डिंग ३’ या नावानं ठेवलेली फाइल पाच वर्षांनी कुणीही उघडत नाही.